नाही म्हणायची ऐपत

२०२५ च्या डिसेंबरात पायलट पुरेनात म्हणून इंडिगोच्या भराभर फ्लाइट रद्द झाल्या, ते रामायण झालं तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन दिवस नुसता शिमगा चालू होता. माझा साडू पुण्याच्या एअरपोर्टवर अकरा तास अडकलेला, त्याच्या पुतणीचं लग्न दिल्लीला, आणि तो दर अर्ध्या तासाने बॅगांच्या ढिगाचा एक फोटो आणि पायलटांना एक शिवी असं टाकत होता. "लाखालाखात पगार घेतात आणि वर ह्यांना अठ्ठेचाळीस तास झोप पाहिजे." त्यावर चार अंगठे, दोन हसरे चेहरे. आता गंमत अशी की ह्याच ग्रुपवर माझा भाचा आहे आणि तो एका रिजनल एअरलाइनला एटीआरवर, म्हणजे पंख्याच्या छोट्या विमानावर, फर्स्ट ऑफिसर आहे, म्हणजे को-पायलट, कॉकपिटमध्ये उजव्या सीटवर बसतो तो. ऑनलाइन दिसत होता, म्हणजे वाचत असणारच, पण एक अक्षर टाकलं नाही पोराने. रात्री मी फोन केला, म्हटलं बोल की काहीतरी, तुझी बाजू कोण मांडणार. तर म्हणाला, "मामा जाऊ दे, स्क्रीनशॉट फिरतात."

ते "जाऊ दे" माझ्या डोक्यातून जाईना.

मी नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे लढाऊ विमानांच्या सरकारी कारखान्यात, एकतीस वर्षं काढली, आधी मिग आणि मग सुखोई. विमान उडवणारा मी नव्हे, नटबोल्टवाला माणूस. पण आमच्याकडे एक पक्की रीत होती, काम करणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा, आणि तपासणाऱ्याची सही पडल्याशिवाय विमान हँगरच्या बाहेर पडायचं नाही. डिलिव्हरीची तारीख डोक्यावर असायची, मोठे साहेब दारात येऊन उभे राहायचे, चहा मागवायचे, घड्याळ बघायचे, तरी इन्स्पेक्टर नाही म्हणाला तर नाही. आता हे इन्स्पेक्टर लोक काय फार शूर होते अशातला भाग नाही, त्यातले दोन तर बायकोला विचारल्याशिवाय शर्ट घेत नसत. पण त्यांचं घर टाऊनशिपमध्ये, पगार एक तारखेला, पोरं कॉलनीतल्या शाळेत, आणि एका नकारामुळे ह्यातलं काहीच जाणार नव्हतं. म्हणून त्यांना नाही म्हणता यायचं.

पायलटच्या नोकरीतसुद्धा सगळ्यात महागाचं काम हेच आहे. धुक्यात रनवे दिसत नाही, उतरणार नाही. स्नॅग, म्हणजे बिघाड निघालाय, उडणार नाही. सर्दीने कान बसलेत, आज मी अनफिट. पहाटेपासून चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं झालीत आणि डोळे ओढतायत, पाचवा घेणार नाही. बाकी विमान हवेत ठेवायचं काम तर आता निम्मं ऑटोपायलट करतो. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की छोट्या शहरांना जोडायला म्हणून जी पोरं आपण कॉकपिटमध्ये बसवतोय त्यांना आपण पहिल्या दिवसापासून अशा कर्जात बसवतोय की नाही म्हणणं त्यांना परवडूच नये. ह्याचा त्रास त्यांना होतो तो होतोच, पण मागे सत्तर-अठ्ठ्याहत्तर माणसं बसलेली असतात आणि त्यात एखाद दिवशी तुम्ही-आम्ही असतो.

भाच्याची गोष्ट सांगतो म्हणजे कळेल. ताईचं घर निफाड तालुक्यात, द्राक्षाची बाग. २०१७ मध्ये हा बारावी सायन्स झाला आणि त्याच डिसेंबरात ओझरहून एअर डेक्कनचं ते १८-१९ सीटांचं बीचक्राफ्ट उडायला लागलं, छोट्या शहरांना जोडायच्या सरकारी उडान योजनेतलं, मुंबई आणि पुणे. आमच्याकडे केवढं कौतुक त्याचं, लोक जानोरीच्या बाजूला गाड्या लावून विमान बघायला थांबायचे. ते काही महिन्यांत गळपटलं ती गोष्ट वेगळी. पण पोराच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. दाजींनी मला विचारलं, तुम्ही विमानातले, काय करू. मी म्हटलं चांगलं आहे, करा. तो सल्ला आजही मला टोचतो, म्हणून हा लेख काही अगदी तटस्थ माणसाने लिहिलेला नाही हे आधीच सांगून ठेवतो.

कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, त्याला आपल्याकडे २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून. शिवाय डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचे पेपर, नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन, टेक्निकल, प्रत्येकात ७० टक्के, वर रेडिओवर बोलायचं आरटीआर लायसन्स, वर क्लास वन मेडिकल. अभ्यासाचं कुणाला काही नाही, पोरं करतात. प्रश्न त्या २०० तासांचा. कारण तास हे पैसे भरून मिळत नाहीत, विमान उडालं तर मिळतात. भाच्याच्या शाळेने, नाव घेत नाही, महाराष्ट्राबाहेरची होती एवढंच सांगतो, फी तीन हप्त्यांत घेतली आणि तिसरा हप्ता घेतला तेव्हा पोराचे पन्नास तासही झाले नव्हते. विमानं कागदावर नऊ, उडणारी चार, त्यातलं एक पार्टची वाट बघत ताडपत्रीखाली. इन्स्ट्रक्टर आज आहे उद्या एअरलाइनमध्ये गेला. पावसाळ्यात चार महिने बोंब. सकाळी सहाला डिस्पॅचच्या खोलीबाहेर बसायचं, अकराला कळायचं आज तुझा नंबर नाही. दीड वर्षाचा कोर्स त्याला जवळजवळ तीन वर्षं पुरला, आणि ह्या तीन वर्षांचं राहणं-खाणं आणि बँकेचं व्याज दोन्ही चालूच.

आमच्याकडे द्राक्षवाल्यांना एक दुखणं माहिती आहे, व्यापारी माल भरून नेतो आणि चेक वटत नाही, मग पोलीस स्टेशनला खेटे. इथे उलटं आहे, पैसे आधी गेलेत आणि माल यायचाय. पण खेटे तेच. दाजी म्हणायचे, अहो निदान व्यापाऱ्याच्या गाडीचा नंबर तरी असतो.

ही एका शाळेची तक्रार असती तर मी लिहिलंही नसतं. पण डीजीसीएने २०२५ च्या ऑक्टोबरपासून देशातल्या फ्लाइंग स्कूलना ग्रेड द्यायला सुरुवात केली, आणि पहिल्या यादीत ए प्लस कुणालाच नाही, ए पण कुणालाच नाही. सगळ्या बी आणि सी मध्ये. म्हणजे तेव्हा देशात एकही शाळा पहिल्या वर्गात पास नव्हती, आणि तरी फी मात्र सगळीकडे पहिल्या वर्गाची. आपल्याकडे बारामती, धुळे, शिरपूर, जळगाव, गोंदिया अशी चांगली लांबलचक यादी आहे, महाराष्ट्र ह्या बाबतीत मागे नाही. पण कुठली शाळा एका विद्यार्थ्याला महिन्याला सरासरी किती तास उडवते हा साधा आकडा पालकाला फी भरायच्या आधी मिळतो का? हापूसची पेटी घेताना आपण वरचा थर उचलून खालचा बघतो, आणि पन्नास लाखांना ब्रोशर बघून सही करतो.

असो. २०२१ च्या सुरुवातीला लायसन्स हातात आलं आणि समोर करोना. कोण घेतंय नोकरीवर. सीपीएलवाला पोरगा घरी बसला म्हणजे नुसता बसत नाही, इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर दिसत नसताना यंत्रांवर उडायची परवानगी, दर वर्षी रिन्यू करावं लागतं, मेडिकल करावं लागतं, हात चालू राहायला परत पैसे देऊन उडावं लागतं. बेकार राहायलाही खर्च येतो असा हा धंदा. मग टाइप रेटिंग, म्हणजे एका ठरावीक जातीचं विमान चालवायचं ट्रेनिंग, सिम्युलेटरवर, त्याचे वेगळे पंधरा ते वीस लाखांच्या घरात. ताईच्या पाटल्या गेल्या, रस्त्याकडचं एक एकर गेलं, आणि बँकेचा हप्ता सत्तर हजारांच्या आसपास, तो २०३१ पर्यंत. नोकरी लागली तेव्हा कंपनीचा बाँड आला तो वेगळाच, मध्ये सोडलं तर एवढे लाख भर.

आणि नुसतं मनात आलं म्हणून सोडताही येत नाही. २०१७ पासून नियम आहे, को-पायलटने सहा महिन्यांची नोटीस द्यायची आणि कॅप्टनने वर्षाची. प्रवाशांची गैरसोय नको म्हणून. ठीक आहे, तर्क समजतो मला. पण जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला बंद झाली तेव्हा पायलटांचे कित्येक महिन्यांचे पगार थकलेले होते, आणि गो फर्स्ट २०२३ च्या मे मध्ये आदल्या दिवशी सांगून जमिनीवर आली. त्यांना कुणी सहा महिन्यांची नोटीस मागितली? नोकराला वर्षाचं दावं आणि मालकाला मागचं दार उघडं, हा कुठला न्याय.

आता रोजचं काम बघा. लोकांना वाटतं पायलट म्हणजे लंडन, पॅरिस, हॉटेलात पूल. रिजनलवाल्याचं आयुष्य एसटीच्या ड्रायव्हरला जास्त समजेल. पन्नास मिनिटं, तासाभराचे सेक्टर, दिवसाला चार, कधी पाच. पहाटे साडेतीनला पिकअपची गाडी, पहिल्या फ्लाइटच्या आधी ब्रेथ ॲनालायझर, मग चढ, उतर, पंचवीस-तीस मिनिटांचा टर्नअराउंड, त्यात पेपर्स, फ्युएल, हवामान, परत चढ. एटीआरला एपीयू नसतं, म्हणजे जमिनीवर असताना एसी चालवायला वेगळं छोटं इंजिन नाही. उजव्या इंजिनचा पंखा ब्रेकने धरून ते इंजिन चालू ठेवतात, त्याला हॉटेल मोड म्हणतात, नाव फार छान आहे. पण तो प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक वाऱ्यात चालवता येत नाही, आणि मे महिन्यात जळगाव-नागपूरच्या बाजूला काचेच्या त्या डब्यात बसून बघा म्हणजे हॉटेल कसलं ते कळेल. घरी कूकरची शिट्टी झाली तरी हा दचकून उठतो असं ताई सांगते.

ह्यात एक हिशोबाची गोम आहे ती बाहेरच्या माणसाला दिसत नाही. पायलटचे तास मोजतात ते विमान हलल्यापासून थांबेपर्यंत. वर्षाला १००० तासांची मर्यादा, साडू म्हणतो हजार तास म्हणजे दिवसाला तीन तास पण नाहीत, मजा आहे. अरे बाबा, चार सेक्टरचे चार तास उडायला हा माणूस दहा-अकरा तास ड्युटीवर असतो. आणि विमानात थकवणारं काय असतं, तर चढणं आणि उतरणं. मोठ्या विमानाचा पायलट आठ तासांत एकदा उतरतो, हा अर्ध्या दिवसात चारदा, तेही अशा ठिकाणी जिथे मुंबई-दिल्लीसारखी सगळी यंत्रणा असेलच असं नाही. म्हणजे कमी अनुभवाचं पोर, जास्त लँडिंग, साधे एअरपोर्ट. जिथे सगळ्यात मुरलेला माणूस पाहिजे तिथे आपण शिकाऊला पाठवतो, कारण मुरलेला मोठ्या विमानावर निघून गेलेला असतो. एसटीत निदान घाटाच्या गाडीवर जुना ड्रायव्हर द्यायची पद्धत होती.

मी त्याला एकदा सरळ विचारलं, तू कधी थकवा म्हणून रिपोर्ट टाकलास का? कागदावर सोय आहे. हसला. म्हणाला, "२०३१ नंतर टाकेन." त्याच्या मित्राने एकदा टाकला होता, कुणी काही बोललं नाही, ओरडलं नाही, फक्त पुढच्या महिन्याचं रोस्टर आलं त्यात त्याचे तास कमी. पगाराचा एक भाग तासांवर असतो, आणि हप्ता काही तास बघून कमी होत नाही. शिवाय कॅप्टन व्हायला तास लागतात, त्यासाठीच्या एटीपीएल लायसन्सला १५०० पाहिजेत. म्हणजे नाही म्हटलं की आजचा पैसा कमी आणि उद्याचं प्रमोशन लांब. कुणाला धमकी द्यायची गरजच नाही, व्यवस्था शांतपणे बसून असते.

ह्याचं टोक कुठे जातं ते अमेरिकेत दिसलेलं आहे. १२ फेब्रुवारी २००९, कोलगन एअरची फ्लाइट ३४०७, नेवार्कहून बफेलोला चाललेलं क्यू-४०० टर्बोप्रॉप, आपल्या एटीआरच्याच वर्गातलं विमान. रात्री उतरताना स्पीड कमी झाला, स्टॉलची, म्हणजे पंखांचा हवेतला आधार सुटण्याची, सूचना देणारी कांडी थरथरली, आणि कॅप्टनने नाक खाली घालायच्या ऐवजी कंट्रोल मागे ओढला. विमानातले ४९ आणि ज्या घरावर पडलं त्या घरातला एक, असे ५० लोक गेले. मूळ चूक कॅप्टनची, चौकशीत तेच आलं. पण चौकशीत आणखीही निघालं. को-पायलट मुलगी चोवीस वर्षांची, आईवडिलांकडे सिएटलजवळ राहायची, कारण नेवार्कला घर घ्यावं असा पगारच नव्हता, आणि त्या ड्युटीसाठी ती रात्रभर दुसऱ्या विमानांतून देश ओलांडून आली होती. सर्दी झालेली होती, आणि तसं ती कॉकपिटमध्ये बोललीही. कॅप्टन आदल्या रात्री क्रू रूममध्येच होता. त्या मुलीने आज मी येत नाही असं का नसेल कळवलं? मी तिच्या मनातलं सांगू शकत नाही, पण भाच्याचं मला माहिती आहे.

त्यानंतर गेलेल्यांच्या घरच्यांनी वॉशिंग्टनला धडका मारल्या आणि २०१० मध्ये कायदा झाला, पुढे २०१३ पासून को-पायलटलाही साधारण १५०० तास लागतील असा नियम आला. आपल्याकडे टीव्हीवर चर्चा झाली की कुणीतरी हटकून म्हणतं बघा अमेरिकेत १५०० आणि आपल्याकडे २००, वाढवा. मला हा उपाय अर्धवट वाटतो. कारण त्या विमानातल्या दोघांचेही तास १५०० च्या वरच होते. आणि आपल्याकडे आज तास वाढवले तर ते वाढीव तेराशे तास कुणाच्या पैशाने उडायचे? परत बापाच्या. म्हणजे कर्ज वाढणार आणि ज्या रोगाने माणूस मुका होतो तोच रोग वाढणार. तिथे पोरं इन्स्ट्रक्टर होऊन, बॅनर ओढून, माल वाहून तास कमावतात, आपल्याकडे तशी छोट्या विमानांची कामंच फार थोडी आहेत. अमेरिकेत परिस्थिती बदलली ती जास्त करून पगाराने, २०२२ मध्ये पायलट मिळेनात तेव्हा तिथल्या रिजनल कंपन्यांनी पगार एकदम चढवले.

आता परत साडूकडे येतो, नाहीतर म्हणेल मुद्दा टाळला.

डिसेंबरात झालं काय होतं? डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये नवे ड्युटीचे नियम काढले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत, रात्रीची लँडिंग सहाऐवजी दोन. कंपन्यांनी वेळ मागितला, पायलटांच्या संघटना दिल्ली हायकोर्टात होत्या, शेवटी दोन टप्पे ठरले, १ जुलै २०२५ आणि १ नोव्हेंबर २०२५. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं नियम टेबलावर पडलेला होता. दुसऱ्या टप्प्याला महिना झाला आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीकडे पायलट पुरेनात, ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराच्या वर फ्लाइट रद्द. आणि मग सरकारने काय केलं, तर आठवड्याच्या विश्रांतीच्या जागी रजा धरू नका ही अट सगळ्यांसाठी मागे घेतली आणि रात्रीच्या नियमांत त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. लोकांचे हाल थांबवायला त्या क्षणी दुसरं काही करता आलं असतं का, मला माहिती नाही, कदाचित नसतं. पण ह्यातून उजव्या सीटवरच्या पोराला काय कळलं? कंपनीने माणसं भरली नाहीत आणि विश्रांती माझी गेली, वर शिव्याही मलाच. लग्नात जेवण कमी पडलं तर वाढप्यांना मारायचं, केटररला कुणी विचारायचं नाही.

दुसरा आक्षेप नेहमीचा, हा श्रीमंतांचा शौक आहे, कर्ज झेपत नाही तर कशाला जायचं. बरं, समजा तसंच करू. मग कॉकपिटमध्ये कोण येईल? ज्यांच्या बापाला कोटभर रुपये सहज काढता येतात ती पोरं आणि जमीन विकलेली पोरं. गुणवत्तेने गाळणी लावायच्या आधीच पैशाने गाळून झालेलं असतं. आणि देशाला पायलट तर लागणारच आहेत, २०२३ च्या एका वर्षात इंडिगोने ५०० आणि एअर इंडियाने ४७० विमानांच्या ऑर्डरी जाहीर केल्या. त्याच वर्षी डीजीसीएने सोळाशेच्या वर सीपीएल दिली, आणि तरी त्यातली कितीतरी पोरं आज टाइप रेटिंगला पैसे नाहीत म्हणून घरी बसून कोचिंग क्लासला फिजिक्स शिकवतायत, असे दोन तर मला एकट्या नाशकात माहिती आहेत. एकीकडे पायलट नाहीत म्हणून फ्लाइट रद्द आणि दुसरीकडे पायलट कॉलेज रोडला ट्यूशन घेतोय.

मार्केट सगळं ठीक करेल असंही एक मत आहे. आमच्या निफाडला विचारा मार्केटचं. भाव चढला की सगळे बाग लावतात, तीन वर्षांनी माल येतो तेव्हा भाव कोसळलेला. पायलटचं तेच, मागणी बघून पोरगं शाळेत घालायचं आणि बाहेर पडेपर्यंत जेट बुडालेली असते नाहीतर करोना आलेला असतो. फरक एवढाच की बाग उपटून मका करता येतो, सीपीएलचं काय करणार.

मग पैसा कुठून आणायचा? इथे मला ओझरची आठवण येते. आपल्या एअरपोर्टवर गेल्या आठ वर्षांत किती कंपन्या आल्या-गेल्या ते आठवून बघा, एअर डेक्कन, जेटची दिल्ली, अलायन्स एअर, ट्रूजेट, स्टार एअरचं बेळगाव, आता २०२३ पासून इंडिगो. ह्यातल्या बऱ्याचशा उडानच्या जोरावर. सुरुवातीला निम्म्या सीटांना तासाभराच्या प्रवासाला २५०० रुपयांची मर्यादा, आणि कंपनीला जो तोटा होईल तो भरून द्यायला व्हायबिलिटी गॅप फंडिंग, तीन वर्षं, त्यात राज्याचाही वाटा. कल्पना चांगलीच होती, मी स्वतः त्या तिकिटावर गेलोय. पण कॅगने २०२३ च्या अहवालात हिशोब मांडला, दिलेल्या ७७४ रूटपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत, सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षं पूर्ण केली ती ११२ नी, आणि त्याच्याही पुढे टिकले फक्त ५४. आपण सीटला पैसे दिले. सीट रिकामी करून कंपनी निघून गेली की तो पैसाही गेला, मागे काही उरलं नाही, ओझरला एक टर्मिनल आणि आठवणी.

त्यातलाच काही हिस्सा माणसावर खर्च केला असता तर माणूस राहिला असता. मला असं म्हणायचंय की जी कंपनी सरकारकडून रूटसाठी पैसे घेते तिने त्या बदल्यात दर वर्षी ठरावीक पोरांचं टाइप रेटिंग स्वतःच्या खर्चाने करावं, आणि बाँड ठेवायचा तर तो महिन्यागणिक उतरत जाणारा, कंपनी बंद पडली की आपोआप शून्य. कंपनी बुडाली तरी शिकलेला पायलट दुसरीकडे उडेल, पैसा वाया नाही. शाळांची फी आधी घ्यायची पद्धत बंद करून ती बँकेत तिसऱ्या खात्यात ठेवावी आणि जेवढे तास उडाले तेवढीच शाळेला सुटावी, फ्लॅटच्या बाबतीत रेरामध्ये बिल्डरचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवतात तसंच, हे काही जगावेगळं नाही. महाज्योती ह्या राज्य सरकारच्या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमधून ओबीसी, भटक्या-विमुक्त मुलांसाठी सीपीएलची योजना केली तेव्हाच सिद्ध झालं की राज्य सरकारला हे करता येतं, ती मोठी करा. आणि थकव्याचे रिपोर्ट कंपनीच्या रोस्टरवाल्याच्या टेबलावर न जाता बाहेरच्या कुणाकडे तरी जाऊ देत, आमच्या इन्स्पेक्टरचा साहेब वेगळा होता तसं. ह्यातलं शेवटचं सगळ्यात स्वस्त आहे आणि मला वाटतं सगळ्यात शेवटी होईल.

तिकीट महाग होईल का? होईल थोडं. नाशिकचा माणूस मुंबईचं विमान पकडायला टॅक्सीला चार-पाच हजार देतो आणि कुरकुर करत नाही, तर पायलटच्या झोपेचे दीडशे-दोनशे द्यायला हरकत नसावी.

आता सिंहस्थ आलाय. २०२७ मध्ये कोट्यवधी लोक येणार, ओझर वाढवायचं चाललंय, नव्या टर्मिनलच्या गप्पा, पार्किंगच्या गप्पा. बैठका होतात, पेपरात फोटो येतात. ती सगळी जादा विमानं कोण उडवणार आणि त्याच्या आदल्या रात्री तो किती झोपलेला असणार ह्यावर कुठल्याच बैठकीत चकार शब्द निघाल्याचं मी वाचलं नाही. मी खासदारांच्या ऑफिसला एक पत्र दिलंय, वरच्या सगळ्या मागण्या लिहून, पोच घेतलीय. पुढच्या महिन्यात परत जाऊन येईन, रिटायर माणसाला तेवढा वेळ असतो.

हा लेख टाकायच्या आधी भाच्याला वाचायला पाठवला होता. दोन दिवस उत्तर नाही, मग बेळगाव की कुठूनसा रात्री उशिरा मेसेज आला. विमानाचा नंबर आणि आणखी दोन वाक्यं काढ म्हणाला, त्यावरून मी कोण ते कळेल. काढली.